पाच दरवाजे, चार खिडक्या: अमरावतीच्या परकोटातून एक चक्कर

आजचा भाग मी नेहमीसारखा खोलीत, गादी भिंतीला उभी करून रेकॉर्ड केलेला नाही. हा भाग रस्त्यावर झालाय. त्यामुळे ऐकताना मध्ये मध्ये ऑटोचे हॉर्न येतील, एका ठिकाणी भाजीवाल्या मावशी ओरडतील, आणि एकदा तर गाईने माईक चाटलाय, तो आवाज मी मुद्दाम ठेवलाय. जे ऐकत नाहीयेत, नुसतं वाचताहेत, त्यांना गाय वजा जाता सगळं इथे मिळेल.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून झाली. माझी आतेबहीण, मी तिला ताई म्हणतो, सध्या इंग्लंडमध्ये यॉर्क नावाच्या शहरात शिकतेय. जुनं शहर आहे. रोमन लोकांपासूनचं. त्याच्याभोवती अजून दगडी भिंत उभी आहे आणि त्या भिंतीवरून चालता येतं. एका रविवारी ताई चालली आणि चालता चालता धापा टाकत मला म्हणाली, "अरे, ही सगळी भिंत तीन पूर्णांक चार किलोमीटर आहे. वरून सगळं शहर दिसतं. आपल्या परकोटाची लांबी किती रे?"

आता गंमत बघा. ताई जन्मली परकोटाच्या आत. तिच्या घराची, म्हणजे माझ्या आत्याच्या घराची, मागच्या अंगणातली भिंत हीच परकोटाची भिंत आहे. काळा दगड, वीसेक फूट उंच, त्यात पिंपळाचं एक रोप. लहानपणी आम्ही त्या भिंतीवर टेनिस बॉल आपटून क्रिकेट खेळायचो. आणि तिची लांबी आम्हाला दोघांनाही माहीत नव्हती.

मग मी शोधली. जुन्या गॅझेटियरमध्ये लिहिलंय: सव्वादोन मैल. म्हणजे तीन पूर्णांक सहा किलोमीटर. ताईला लगेच मेसेज केला, आपण दोनशे मीटरने पुढे आहोत. तिचं उत्तर आलं, "मग तू पण चालून दाखव."

तर चला. इअरफोन घट्ट लावा.

आपण जयस्तंभ चौकाकडून निघतोय आणि गर्दीतून सरकत सरकत जवाहर गेटपाशी येतोय. अमरावतीकरांनो, तुम्ही इथून हजारदा गेला असाल, गाडीचा हॉर्न वाजवत. आज एकदा मान वर करा. ही कमान बघा. दगड बघा. याचं जुनं नाव भुसारी दरवाजा. भुसार म्हणजे धान्य, दाणा, डाळ. धान्याच्या बाजाराचा दरवाजा. पुढे स्वातंत्र्याच्या काळात नाव बदललं, पण धंदा काही बदलला नाही. सराफा, सक्करसाथ, कपड्यांची दुकानं, सगळा बाजारपट्टा अजून याच बाजूला आहे.

परकोटाला असे पाच दरवाजे. अंबा, भुसारी, नागपुरी, महाजनपुरी आणि खोलापुरी. आणि चार खिडक्या: पटेल खिडकी, माता खिडकी, छत्रपुरी खिडकी आणि खुनारी खिडकी. खिडकी म्हणजे आपल्या घराची खिडकी नव्हे बरं का. तटबंदीतला छोटा दरवाजा. गाडी, बैलांचा तांडा यांच्यासाठी मोठा दरवाजा. पायी जाणाऱ्या माणसासाठी खिडकी.

दरवाजांची नावं म्हणजे त्या काळातला गूगल मॅप आहे. नागपुरी दरवाजातून नागपूरची वाट. अंबा दरवाजातून अंबादेवीला. महाजनपुऱ्याचा दरवाजा महाजनपुरी. आणि खोलापुरी दरवाजातून पश्चिमेला खोलापूरला. खोलापूर हे नाव लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचंय.

आता पहिला प्रश्न. ही भिंत बांधली कोणी, आणि कशासाठी?

भिंत म्हटली की आपल्या डोक्यात आधी राजा येतो. राजा, त्याची गादी, त्याचा वाडा, त्याचा खजिना, आणि सगळ्याभोवती तट. देवगिरी घ्या, गाविलगड घ्या, नरनाळा घ्या. पण या परकोटाच्या आत राजवाडा नाही. मी आत्याच्या गल्लीत लहानाचा मोठा झालो, मला तरी कुठे सिंहासनाची जागा सापडली नाही. वऱ्हाडच्या सुभेदाराचं ठाणं होतं एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला. निजाम बसायचा हैदराबादला. भोसले नागपूरला. अमरावतीत होते ते व्यापारी. कापसाचे, धान्याचे, सावकारी करणारे.

जरा मागे जाऊ. अठराव्या शतकात वऱ्हाड म्हणजे दोन मालकांची जमीन होती. निजामही वसूल करायचा आणि नागपूरकर भोसलेही. अमरावती आणि बडनेरा शाहू महाराजांनी राणोजी भोसल्यांना दिले, म्हणून जुनी माणसं 'भोसल्यांची उमरावती' म्हणायची. मग १८०३ आलं. इंग्रज आणि मराठ्यांचं दुसरं युद्ध. आर्थर वेलस्ली नावाचा सेनापती आधी असईला लढला, मग नोव्हेंबरात आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढला, आणि १५ डिसेंबरला त्याने गाविलगड घेतला. हाच माणूस पुढे बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवतो. म्हणजे नेपोलियनला हरवायच्या आधी साहेबांची प्रॅक्टिस आपल्या तेल्हारा-अकोटाकडच्या काळ्या मातीत झालेली आहे. अमरावतीतल्या 'कॅम्प' या भागाचं नाव त्याच्याच छावणीवरून पडलं असं लोक सांगतात.

देवगावच्या तहात भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड सोडलं. ते गेलं निजामाकडे. कागदावर मालक एक झाला. जमिनीवर मात्र कोणीच नाही झालं! आणि अशी मोकळी जागा मिळाली की येतात पेंढारी.

पेंढारी म्हणजे घोड्यावरून येऊन लुटणाऱ्या टोळ्या. यांच्याकडे तोफखाना नाही, वेढा घालून महिनाभर बसायला रसद नाही. यांचं सगळं बळ वेगात. पहाटे येणार, गाव लुटणार, दुपारपर्यंत पंधरा कोस दूर. अशा शत्रूला अडवायला भुईकोट किल्ला, खंदक, बुरूज, तोफा इतका सगळा पसारा लागत नाही. घोडा उडी मारू शकणार नाही एवढी भिंत पुरते. परकोटाची उंची गॅझेटियर सांगतं वीस ते सव्वीस फूट. घोड्याची उडी तुम्ही बघितली असेल तर हा आकडा तुम्हाला पटेल.

तर १८०७ साली, निजाम सिकंदर जाह याच्या काळात, या भिंतीचं काम सुरू झालं. कारण सरळ नोंदवलेलं आहे: श्रीमंत व्यापाऱ्यांचं पेंढाऱ्यांपासून रक्षण. देवाचं नाव नाही, गादीचं नाव नाही. गाठोड्यांसाठी बांधलेली भिंत. मला स्वतःला हे फार आवडतं. लोक म्हणतात, तुमच्या अमरावतीत काय आहे बघायला, ना राजवाडा ना मोठा किल्ला. अरे बाबा, इथे कापसाने आपल्याभोवती तट बांधून घेतलाय, हे कमी आहे का?

आणि इथे ताईचं यॉर्क परत आठवलं. मी वाचत गेलो तेव्हा कळलं की १८०० साली यॉर्कची नगरपालिका त्यांची जुनी भिंत पाडायला निघाली होती. उपयोग नाही, डागडुजीचा खर्च, रस्ते अरुंद. म्हणजे त्यांच्याकडे भिंत नकोशी झाली आणि सात वर्षांनी आपल्याकडे नवी बांधायला घेतली. लोकांनी विरोध केला म्हणून यॉर्कची बरीचशी वाचली. तरी दरवाजांपुढची दगडी बांधकामं पाडलीच. अशी चार होती, आता एकच शिल्लक आहे.

बरं, जवाहर गेटमधून पुढे चला.

मी ठरवलं होतं की भिंतीला धरून धरून चालायचं. दहा मिनिटांत कळलं की हे शक्य नाही. भिंत दिसते, मग घरामागे जाते. घराच्या पलीकडे पुन्हा डोकं काढते, मग एका गोदामात शिरते. कुठे तिला टेकून गोठा, कुठे पानठेला, कुठे तिच्यावर केबलची वायर. यॉर्कमध्ये भिंतीवरून चालतात, आपल्याकडे लोक भिंतीत राहतात. मला जागोजागी गल्लीत शिरून परत यावं लागलं. साडेतीन किलोमीटरला मला तीन तास लागले आणि फोनने स्टेप काउंट दाखवला तो अकरा हजारांच्या वर.

नागपुरी गेट. इथे फार थांबत नाही, कारण ट्रॅफिकमध्ये थांबता येतच नाही. एवढंच सांगतो की या बाजूच्या वाटेने बैलांवर लादलेला कापूस बाहेर पडायचा. आगगाडी यायच्या आधीची गोष्ट. मुंबई तेव्हा जवळ नव्हती, घाट होते मध्ये. त्यामुळे वऱ्हाडचा बराच कापूस उलट दिशेला, मिर्झापूरला जायचा, आणि तिथून गंगेतून कलकत्त्याला. बैलाच्या पाठीवर, शेकडो मैल. गॅझेटियरमध्ये एक नोंद आहे: १८४२ साली अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादून कापूस कलकत्त्याला पाठवला म्हणे. एक लाख बैल! जरा डोळे मिटून बघा. एका बैलामागे दुसरा, दोन पावलांचं अंतर ठेवून, तर रांगेचं तोंड नागपूरच्याही पुढे निघून जाईल आणि शेपूट अजून दरवाजातच असेल. आकडा कदाचित फुगवलेला असेल, व्यापाऱ्यांच्या गोष्टी फुगतातच. पण फुगवायलासुद्धा आधी काहीतरी लागतं.

हे पैसेवाले आले कुठून? काही इथलेच. काही आले अकोल्याहून. अकोल्याच्या तालुकदाराने इतका जाच केला की तिथली बरीच माणसं घरदार उचलून अमरावतीला येऊन राहिली, अशी नोंद आहे. अकोलेकर मित्रहो, रागावू नका. तुमच्याकडे तर आधीपासून किल्ला होता, असदगड. मोर्णेच्या काठावर. भिंत असून माणसं निघून गेली, कारण त्रास भिंतीच्या आतूनच होता.

आणि आता खोलापूर. नाव लक्षात ठेवायला सांगितलं होतं. आपण खोलापुरी गेटपाशी उभे आहोत. इथून पश्चिमेला गेलं की खोलापूर लागतं. आज छोटं गाव आहे, पण त्या काळी रेशमाच्या व्यापाराचं नावाजलेलं ठिकाण. १८०९ साली, म्हणजे अमरावतीचा परकोट सुरू होऊन दोनच वर्षं झालेली, एलिचपूरच्या सुभेदाराने खोलापूरकडे एक लाख रुपये मागितले. गावाने नाही म्हटलं. मग सुभेदाराचं सैन्य आलं, गावाला वेढा पडला, गाव पडलं आणि लुटलं गेलं. त्यानंतर खोलापूर पुन्हा तसं उभं राहिलं नाही.

आता नीट बघा काय झालं ते. लुटणारा पेंढारी नाही. लुटणारा सरकारचाच माणूस. ज्या निजाम सरकारने अमरावतीच्या व्यापाऱ्यांसाठी भिंत बांधायला घेतली, त्याच सरकारचा सुभेदार एका दिवसाच्या वाटेवर दुसऱ्या बाजारपेठेला लुटतो. अमरावतीतल्या सावकाराने रात्री हा दरवाजा बंद होताना बघितला असेल, तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल? दरवाजा पेंढाऱ्यांसाठी बंद होतोय की सुभेदारासाठी? मी खोलापुरी गेटच्या सावलीत उसाचा रस पीत हाच विचार करत होतो. रसवाल्या भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "भाऊ, लुटणाऱ्याले काय, टोपी बदलली की झालं." मी दहा रुपये दिले आणि पुढे निघालो.

पुढचा मुक्काम, ज्याच्यासाठी मी खरं तर हा भाग केला. खुनारी खिडकी.

नावातच खून आहे. गॅझेटियरमध्ये एकच ओळ आहे तिच्यावर. १८१८ साली इथे झालेल्या मारामारीत सातशे माणसं मेली, त्यावरून या खिडकीला हे नाव पडलं. झालं. एवढंच. सातशे.

मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा स्क्रोल करून पुढे गेलो होतो. मग थांबलो, परत वर आलो. कारण आपण रोज मोठमोठे आकडे बघतो आणि काही वाटत नाही. म्हणून मी दुसऱ्या पद्धतीने विचार केला. माझ्या शाळेत साडेसातशे मुलं होती. प्रार्थनेला सगळं मैदान भरायचं. तेवढी माणसं, एका गल्लीच्या तोंडाशी, जिथून दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे घ्यावं लागतं.

खिडकी विचारत विचारत गेलो. एका आजोबांना विचारलं, "आबा, खुनारी खिडकी कुठे आहे हो?" ते ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, "खिडकी पाह्याची? आतापर्यंत कोनी इचारलं नाही बाप्पा. जाजो सरळ, मंग डाव्या हाताले इचारजो." तिथल्या पानठेल्यावर विचारलं तर तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणाला पेंढाऱ्यांची लढाई. दुसरा म्हणाला, नाही, आपसातलीच मारामारी, सणाच्या दिवसातली. तिसरा म्हणाला की इथे एका माणसाचा खून झाला होता, सातशे वगैरे सगळं बंडल. मग ते तिघं एकमेकांशीच भांडायला लागले. त्यात प्रेम होतं, काळजी नको, पण माझा चहा तेवढ्यात थंड झाला.

मी तिथे पाटी शोधली, दगडावर काही कोरलंय का बघितलं. मला काही मिळालं नाही. सातशे माणसांमधलं एकही नाव नाही. भिंत बांधली कोणत्या वर्षी, उंची किती फूट, घेर किती मैल, सगळं व्यवस्थित लिहून ठेवलंय. व्यापाऱ्याने पाठवलेले बैल मोजलेत. मेलेली माणसंही मोजलीत, फक्त गोल आकड्यात.

इथे मी जरा रस्ता सोडून अकोल्याला जातो, रागावू नका, लगेच परत येऊ. कारण अकोल्याच्या असदगडाचे दरवाजे याच्या अगदी उलट आहेत. ते बोलतात. नुसते बोलत नाहीत, एकमेकांना खोटं पाडतात! दहीहंडा वेशीवरचा शिलालेख सांगतो की किल्ला औरंगजेबाच्या काळात नवाब असदखानाने बांधला. साल येतं १६९७. म्हणून नाव असदगड. बरोबर? मग तुम्ही अगरवेशीपाशी जा. तिथे चक्क मराठीत कोरलंय की किल्ला गोविंद आप्पाजींनी १८४३ साली बांधला. दीडशे वर्षांचा फरक. आणि या दोघांच्या आधी लोककथेतला अकोलसिंह आहेच, ज्याला म्हणे इथे एक ससा कुत्र्याच्या मागे धावताना दिसला, त्याने ते शुभ मानलं आणि गावाभोवती मातीचा कोट घातला.

माझा अंदाज असा की गोविंद आप्पाजींनी मोठी डागडुजी केली असावी आणि दगडावर थोडी जास्त जागा घेतली असावी. आपल्याकडे गटाराचं झाकण बसवलं तरी उद्घाटनाची पाटी लागते, हे तर त्या मानाने पुष्कळच. पण मुद्दा असा की ज्याच्या हातात पैसे होते त्याने दगडावर आपलं नाव कोरून घेतलं, आणि ते राहिलं. पुढे इंग्रजांनी १८७० च्या सुमारास असदगडाचा बराचसा कोट उतरवला. तरी ती नावं आहेत.

चला, परत अमरावतीत.

१८१८ या वर्षाकडे अजून एकदा बघा. याच सुमारास इंग्रजांनी पेंढाऱ्यांचा कायमचा बंदोबस्त केला. म्हणजे ज्या भीतीपोटी १८०७ मध्ये परकोट सुरू झाला, ती भीती अकरा वर्षांत संपली. भिंत नवी कोरी आणि शत्रूच गायब. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, आणि वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की विचारू नका. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून गेला, अमरावतीला सहा मैलांचा फाटा. एक लाख बैल सुटले आणि डबे आले. कापसाचा बाजार, जिनिंग, साहेबांचे बंगले सगळं कोटाबाहेर वाढलं. डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, शंकरन नायर अध्यक्ष, दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष, आणि लोकमान्य टिळक तेव्हा तुरुंगात. खापर्डे, अधिवेशन, टिळक, हा वेगळ्या भागाचा विषय आहे, तुम्ही मेसेज केलेत तर करू.

भिंत मात्र तशीच उभी. दरवाजे रात्री बंद व्हायचे थांबले आणि कोणाच्या फार लक्षातही आलं नसेल.

आता शेवटचा दरवाजा. अंबागेट. इथून अंबादेवी जवळच, गांधी चौकाच्या अंगाला. अंबादेवी आणि शेजारी एकवीरा. रुक्मिणी इथे दर्शनाला आली आणि श्रीकृष्णाने तिला इथूनच नेलं, ही कथा तुम्हाला आजीने सांगितली असेलच. रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर आपल्याच जिल्ह्यात, वर्धेच्या काठी. नवरात्रात या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. मीही आईचं बोट धरून इथे आलोय, फुगा हवा म्हणून रडलोय.

पण कोणाकोणाला इथे येता येत होतं?

१९२७ साल. मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीचं मंदिर अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुलं करावं यासाठी चळवळ पेटली होती. पंजाबराव देशमुख तेव्हा नुकतेच विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले, तरुण होते, ते या बाजूने उभे होते. १३ नोव्हेंबर १९२७ ला इथल्या इंद्रभुवन थिएटरमध्ये परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची बातमी त्यांना या परिषदेच्या वेळी इथेच कळली. सत्याग्रहाची तयारी होती, पण मंदिराच्या पंचांना विचार करायला वेळ द्यायचा म्हणून तो पुढे ढकलला गेला. महिनाभराने, डिसेंबरमध्ये, महाडला मनुस्मृती जाळली गेली. आपण शाळेत महाड शिकतो, नाशिकचं काळाराम मंदिर शिकतो. या दोघांच्या मधलं अमरावती मी पुस्तकात वाचलं नव्हतं. मला ते कॉलेजात, एका मित्राच्या वडिलांनी त्यांच्या ओट्यावर बसून सांगितलं. त्यांचे आजोबा त्या परिषदेला गेले होते. ते म्हणाले, "आमचं घर कोटाच्या आत होतं. पेंढाऱ्यापासून आम्ही सुरक्षित होतो."

एवढंच म्हणाले आणि चहा घे म्हणाले.

मी अंबागेटपाशी उभा राहून हे वाक्य रेकॉर्डरमध्ये बोलत होतो तेव्हा ताईचा फोन आला. तिकडे सकाळ होती. तिला विचारायचं होतं की मी आत्याकडे कधी जाणार आहे. कारण, आणि हे मी तिच्या परवानगीने सांगतोय, आत्याचं घर विकायचं चाललंय. ताईच्या शिक्षणाचं कर्ज आहे. घर जुनं, पावसाळ्यात गळतं. एक बिल्डर येऊन गेला. त्याचं म्हणणं, शेजारची दोन घरं आणि हे मिळून चार मजली इमारत होईल. फक्त मागची भिंत अडते. ती काढली तर मागे पार्किंग निघतं. भिंत कोणाची, सरकारची की घरमालकाची, असं मी विचारलं तर तो हसला. म्हणाला, "साहेब, अर्धी तर आधीच गेली ना."

ते खोटं नाही. मी तीन तास तेच बघत आलो होतो. आणि मी आत्याला कुठल्या तोंडाने सांगू, की आत्या घर विकू नकोस, त्या दगडांमध्ये १८०७ आहे? गळणारं छत तिच्या डोक्यावर आहे, माझ्या नाही. यॉर्कला भिंत वाचवली तेव्हा लोक म्हणे वर्गणी काढून डागडुजी करत होते. वर्गणी तर इथेही निघते, बुधवाऱ्याच्या गणपतीला किती निघते विचारा. पण भिंतीला कोण देणार, आणि त्यातून आत्याच्या छताचं काय?

संध्याकाळी आत्याकडे पोचलो. पायाला फोड आलेला. आत्याने दार उघडलं आणि माझ्या हातातला माईक बघून म्हणाली, "काऊन रे, टीव्हीवाला झाला का तू?" मी म्हटलं, मागे जाऊ दे जरा, भिंतीचा फोटो पाहिजे ताईला. अंगणात दोरीवर साड्या वाळत होत्या. आत्याने त्या बाजूला सरकवल्या. पिंपळाचं रोप आता माझ्या मनगटाएवढं जाड झालंय, त्याच्या मुळांनी दोन दगड एकमेकांपासून बोटभर सरकवलेत. खालच्या एका दगडावर खडूने काढलेले तीन स्टंप अजून पुसट दिसतात. दरवर्षी कोणीतरी परत काढतं असणार, शेजारची पोरं.

मी व्हिडिओ कॉल लावला. ताईने तिकडून कॅमेरा फिरवला, तिच्या खोलीच्या खिडकीतून त्यांच्या भिंतीचा एक तुकडा दिसतो, हिरवळ आणि वर चालणारी माणसं. मी इकडून फिरवला. थोडा वेळ दोन्ही भिंती स्क्रीनवर वर-खाली होत्या. मग आत्या मध्ये आली, फोन डोळ्यांजवळ धरला आणि ताईला विचारलं, "तिकडची भिंत कोनाच्या मालकीची आहे व?"

ताईला माहीत नव्हतं. म्हणाली, विचारून सांगते.